ग्लायल पेशींत विषाणूचं जनुक एक्स्प्रेस करायला कोणता प्लाझ्मिड घ्यावा?

तुम्हाला एचआयव्हीचं टॅट जनुक आधी यू-८७ (माणसाच्या मेंदूतल्या ग्लायल गाठीपासून वाढवलेल्या) पेशींत आणि मग उंदराच्या प्राथमिक अ‍ॅस्ट्रोसाइट्समध्ये (मेंदूतल्या ग्लायल, म्हणजे न्यूरॉनला आधार देणाऱ्या, पेशी) प्लाझ्मिड म्हणजे डीएनएच्या गोल तुकड्यातून एक्स्प्रेस करायचं आहे आणि टॅटमुळे सायटोकाइन्स (दाहाचे संदेश देणारी प्रथिनं) वाढतात का, ते बघायचं आहे. प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, जीएफएपी (अ‍ॅस्ट्रोसाइट्समधल्या जनुकाचा) घ्यावा की सीएमव्ही (जवळपास सगळ्या पेशींत चालणारा), हा तुमचा प्रश्न.

यू-८७ साठी डोळे झाकून सीएमव्ही घ्या. 'ग्लायल पेशी म्हणजे जीएफएपी प्रमोटर' हे समीकरण एका जातीच्या पेशींच्या कल्चरमध्ये लागूच होत नाही. प्रमोटर निवडक हवा तो शेजारी न्यूरॉन असतील तेव्हा, म्हणजे मिश्र कल्चरमध्ये किंवा जिवंत प्राण्यात. शिवाय यू-८७ मध्ये मूळचं जीएफएपी प्रथिनच जेमतेम असतं, तिथे हा प्रमोटर मरगळलेलाच राहणार. प्राथमिक अ‍ॅस्ट्रोसाइट्सच्या कल्चरमध्ये थोडे मायक्रोग्लिया (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी) हमखास राहतात, तिथे मात्र जीएफएपीला अर्थ आहे. साधारण २.२ किलोबेसचा जुना जीएफए२ घेण्यापेक्षा त्याचंच ६८१ बेसांचं आखूड रूप, जीएफएएबीसी१डी, घ्या. पुढेमागे एएव्हीत (जनुक वाहून नेणाऱ्या छोट्या विषाणूत) जायचं ठरलं तर जागा वाचते.

टॅटचा सीडीएनए (प्रथिनाचा क्रम सांगणारा डीएनए) छोटा आहे, ८६ किंवा १०१ अमिनो आम्लांचा. त्याला रेव्हची (एचआयव्हीचं आरएनए केंद्रकाबाहेर नेणाऱ्या प्रथिनाची) गरज पडत नाही. (उद्या जीपी१२०, म्हणजे एचआयव्हीच्या आवरणातलं प्रथिन, करायला घेतलंत तर कोडॉन-ऑप्टिमाइज्ड क्रम मागवा, नाहीतर रेव्हशिवाय प्रथिन नावालाच मिळेल.) टॅग लावायचाच असेल तर सी-टोकाला लावा, सक्रिय करणारा भाग एन-टोकाकडे आहे.

पण खरं सांगायचं तर तुमचा प्रयोग प्रमोटरवर अडणार नाही, कंट्रोलवर अडेल. प्लाझ्मिड ई. कोलायमधून काढलेला असतो आणि साध्या मिनिप्रेपमध्ये (प्लाझ्मिड काढण्याच्या झटपट पद्धतीत) जिवाणूचं एंडोटॉक्सिन येतंच. मायक्रोग्लियावर टीएलआर४ हा एंडोटॉक्सिन ओळखणारा रिसेप्टर असतो, त्यामुळे ते चिमूटभर एंडोटॉक्सिननेही खवळतात. मग सायटोकाइन्स वाढली तर ती टॅटमुळे की जिवाणूच्या लिपोपॉलिसॅकराइडमुळे (म्हणजे त्याच एंडोटॉक्सिनमुळे), हे कसं सांगणार? त्यात भर म्हणजे सायटोप्लाझममध्ये घुसलेला परका डीएनएही सीजीएएस-स्टिंग या डीएनए ओळखणाऱ्या यंत्रणेमार्फत इंटरफेरॉन वाढवू शकतो. म्हणून प्रेप एंडोटॉक्सिनमुक्त किटनेच करा आणि कंट्रोल म्हणून नुसता रिकामा वेक्टर ठेवून थांबू नका. त्याच बॅकबोनमध्ये टॅटचा सी२२जी म्युटंट ठेवा, म्हणजे २२व्या सिस्टीनच्या जागी ग्लायसीन. त्याने ट्रान्सअ‍ॅक्टिव्हेशन (विषाणूची जनुकं चालू करण्याची क्षमता) जातं, बाकी प्रथिन जवळपास तसंच राहतं. दोन्ही प्रेप एकाच दिवशी, एकाच किटने करा आणि डीएनए मोजून समान घाला.

आणखी एक. टॅट पेशीबाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींत शिरतं. टॅटसोबत जीएफपी (हिरवं चमकणारं खुणेचं प्रथिन) टाकून, ते दिसणाऱ्या पेशी वेगळ्या काढून बाकीच्यांना 'टॅट नसलेल्या' समजलात तर फसाल. तुलना वेगळ्या वेलमधल्या म्युटंटशीच करा.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर वेगळं करून अँटिबॉडीने प्रथिन शोधण्याच्या चाचणीत) टॅट दिसलं नाही म्हणून प्लाझ्मिडला दोष देऊ नका. इतकं लहान प्रथिन १० टक्के जेलमधून सरळ निघून जातं; १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनचा मेम्ब्रेन वापरा. त्याआधीच खात्री हवी असेल तर यू-८७ मध्ये प्लाझ्मिड एलटीआर-ल्युसिफरेज रिपोर्टरसोबत (टॅट चालू करतं त्या एचआयव्हीच्या प्रमोटरला जोडलेलं, प्रकाश देणारं जनुक) टाकून पाहा. टॅट काम करत असेल तर ल्युसिफरेज म्युटंटच्या मानाने कित्येक पट चढतं, आणि तेही अँटिबॉडी न लागता.