इंग्लंडमधील खेड्यांच्या नावांत ‘टन’, ‘हॅम’, ‘बी’ हे शेवट वारंवार का येतात?

पाचव्या शतकापासून तेथे वसलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी, ‘हाम’ म्हणजे वस्ती आणि ‘लेआह’ म्हणजे जंगलातील मोकळी जागा. ‘ली’ हा शेवट या तिसऱ्या शब्दापासून आला. नवव्या शतकात डेन लोक, म्हणजे स्कँडिनेव्हियातील डेन्मार्ककडून आलेले लोक, उत्तर व पूर्व भागांत स्थायिक झाले आणि त्यांचा ‘बी’, म्हणजे गाव, तेथील नावांत रुजला. व्हिटबी हे त्याचे ठळक उदाहरण.

मला सर्वांत गंमत वाटते ती लंडनमधील चिझिक आणि उत्तरेकडील केझिक या जोडीची. दोन्हींचा मूळ अर्थ ‘चीज बनवण्याची शेतवाडी’ असाच आहे, परंतु उत्तरेत स्कँडिनेव्हियन उच्चाराच्या प्रभावाने ‘च’चा ‘क’ झाला.

मात्र आजच्या रूपावरून अर्थ लावणे धोक्याचे आहे, कारण ‘हॅम’च्या मागे नदीच्या वळणातील जमीन असा अर्थ असलेला ‘हम्म’ हा वेगळा शब्दही असू शकतो. म्हणूनच अभ्यासक आधी सर्वांत जुने लिखित रूप शोधतात आणि अनेक गावांच्या बाबतीत ते १०८६च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-नोंदवहीत सापडते.