पुण्यात सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण प्रतिमा केंद्र उभारता येईल का?

पुण्यात इतक्या संशोधन संस्था असताना सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन वलयात फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर चालणारे क्ष-किरण प्रतिमा केंद्र येथेच का उभारत नाहीत आणि पैशाखेरीज त्याला काय लागते, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात दख्खनच्या बेसॉल्टमधील वायूच्या पोकळ्यांचा अभ्यास करतो आणि त्यासाठी इंदूरला नमुने घेऊन गेलो आहे. त्यामुळे हे उत्तर यंत्र वापरणाऱ्याचे आहे, उभारणाऱ्याचे नव्हे.

आधी एक गल्लत दूर करतो. प्रतिमा केंद्र म्हणजे सिंक्रोट्रॉन नव्हे, तर त्याच्या एका बीमलाइनचे, म्हणजे वलयातून किरण बाहेर नेणाऱ्या मार्गाचे, टोक. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या वलयात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात, चुंबक त्यांना वळवतात तेथे क्ष-किरण बाहेर पडतात आणि अशा अनेक बीमलाइनींपैकी एक प्रतिमांसाठी आहे. केवळ प्रतिमांसाठी पुण्यात वेगळे वलय बांधणे म्हणजे एका घराच्या नळासाठी धरण बांधणे होय.

तरीही वलय बांधायचेच ठरले, तर पहिला प्रश्न जमिनीचा येतो, कारण प्रतिमांसाठी बीमलाइन लांब लागते. बियांचा गर किंवा कीटकाचे पंख क्ष-किरण फारसे शोषत नाहीत, मात्र त्यांच्या कडांवर किरण किंचित वळतात; नमुना आणि कॅमेरा यांत काही मीटर अंतर ठेवले की त्या कडा उठून दिसतात. हाच फेज कॉन्ट्रास्ट. पण हे अंतर वाढवले की किरणांच्या उगमाच्या आकारामुळे येणारी अस्पष्टताही वाढते. उगम १०० मायक्रॉनचा, नमुना उगमापासून २५ मीटरवर आणि कॅमेरा नमुन्यामागे ५ मीटरवर असेल, तर प्रतिमा सुमारे २० मायक्रॉनने पुसट होते. तोच नमुना १४५ मीटरवर नेल्यास ही अस्पष्टता साडेतीन मायक्रॉनच्या आत येते. शिवाय इंडस-२ इतक्या ऊर्जेच्या वलयातून निघणारा किरणपट्टा उभ्या दिशेने मीटरमागे जेमतेम ०.२ मिलिमीटर पसरतो, म्हणजे २५ मीटरवर त्याची उंची ५ मिलिमीटरच्या आसपास भरते. माझा बेसॉल्टचा तुकडा त्यात एका दमात मावत नाही. ग्रेनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर १४५ मीटरची, तर जपानच्या स्प्रिंग-८ वर २०० मीटरहून लांब बीमलाइन आहे ती याच कारणांसाठी. एवढी बीमलाइन वलयाच्या इमारतीबाहेर जाते, म्हणून तिची जागा पहिल्याच आराखड्यात राखून ठेवावी लागते.

जमीन शांतही हवी. मायक्रॉनची प्रतिमा घेताना फरशीचे कंपन आणि तापमानातील चढउतार दोन्ही नडतात. पुण्याचा कातळ पायासाठी चांगला असला, तरी शेजारून अवजड ट्रक जात असतील तर त्याचा उपयोग मर्यादित. रेडिओ गोंगाट टाळण्यासाठी जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला गेली, तसेच येथेही शहर सोडावे लागेल.

शिशाचे अस्तर असलेली खोली, दार उघडे असताना किरण सुरूच होऊ न देणारी यंत्रणा, एकाच ऊर्जेचे किरण निवडणारा सिलिकॉन स्फटिकांचा मोनोक्रोमेटर, हे सारे ठरलेले असते. माझ्या मते अवघड भाग माहितीचा आहे. २०४८ गुणिले २०४८ बिंदूंची १६ बिटांची एक प्रतिमा ८ मेगाबाइटची, नमुना फिरवत घेतलेल्या १८०० प्रतिमा सुमारे १५ गिगाबाइटच्या आणि त्यांतून घडवलेली त्रिमितीय आकृती ३४ गिगाबाइटच्या घरात जाते. एका दिवसात असे वीस-पंचवीस नमुने झाले, तर पुढचे काही महिने ती माहिती उलगडण्यातच जातात.

पुणे आपला वाटा येथेच उचलू शकते. नमुना मायक्रॉनच्या आत न डुगडुगता फिरवणारी चकती, नमुने बदलणारा यांत्रिक हात आणि आकृती उलगडणारी संगणकप्रणाली ही भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या आणि येथील संगणक अभियंत्यांच्या हातची कामे आहेत, आणि ती इंदूरच्या वलयावर बसवता येतील. माझ्या पहिल्या खेपेस नमुन्याखालचा गोंद पुरता वाळला नव्हता. तुकडा फिरता फिरता हळूहळू कलला आणि आमच्या वाट्याच्या वेळेपैकी चार तास फुकट गेले. तेव्हापासून मी नमुने पुण्यातच दोन दिवस आधी चिकटवून नेतो.