खोडरबर माझ्याकडे ठेवून जा

"सगळं पाठ असतं मॅडम, पण पेपर हातात आला की डोकं कोरं होतं."

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर वाटले गेले की जानेवारीत हे वाक्य माझ्या टेबलासमोर हमखास येतं. नाशकात, गावातल्या एका मुलींच्या शाळेत मी समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोन दिवस बसते. ही मुलगी पंचवटीची, वडील सातपूरच्या कंपनीत शिफ्टला, आई घरून डबे देते. (ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललंय.) बोलली आईच. मुलगी स्वेटरच्या बाह्या ओढत खाली बघत होती. भूमितीत ४० पैकी १९. "रात्री अकरापर्यंत बसते हो, मी स्वतः बघते. मग जातं कुठे सगळं?"

मला वाटलं, घरचा ताण. आईला समजावलं, मुलीला श्वासाचा व्यायाम शिकवला आणि पाठवून दिलं. पुढच्या आठवड्यात शाळेच्या सराव पेपरनंतर ती आली आणि म्हणाली, "श्वास घेतला मॅडम. त्यातच पाच मिनिटं गेली."

मला हसू आलं, पण त्या पाच मिनिटांनी माझे कान टवकारले. म्हटलं, उद्या पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन ये. खरं तर हे मी पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं.

काय उत्तरपत्रिका होती! दोन्ही बाजूंना समास, प्रत्येक उत्तराखाली पट्टीने रेघ, पक्ष-साध्य-सिद्धता अगदी छापल्यासारखं. वर्तुळाला स्पर्शिका काढायच्या २ गुणांच्या प्रश्नापाशी कागद खरबरीत लागला. उजेडात धरला तर खाली आणखी दोन वर्तुळांचे वळ दिसले. "सुई सरकली होती, म्हणून परत काढलं," ती म्हणाली. किती वेळ लागला? "पंधरा मिनिटं असतील."

पहिल्या दोन प्रश्नांचे मिळून २० गुण. त्यात तिला १८ होते. उरलेल्या २० मध्ये १. चौथा आणि पाचवा प्रश्न कोरे. दोन तासांच्या पेपरात दीड तास पहिल्या दोन प्रश्नांवर गेलेला. अर्धा तास उरलेला, समोर निम्मा पेपर. तिथे कुणाचं डोकं कोरं होणार नाही? पाठांतर जागच्या जागी होतं, ते बाहेर काढायला वेळच शिल्लक नव्हता.

यात तिचा एकटीचा दोष नाही. मुलींच्या शाळेत पाचवीपासून वहीच्या नीटनेटकेपणाचं कौतुक चालतं. फळ्यावर सुविचार लिहायला मोत्यासारख्या अक्षराची मुलगी शोधतात, आणि तीही खाडाखोड म्हणजे पाप समजून बसते. मीही अशाच शाळेत शिकले, त्यामुळे हे मला लगेच दिसायला हवं होतं.

मग ठरलं ते साधंच. ४० गुणांना १२० मिनिटं, म्हणजे गुणाला ३ मिनिटं. बोर्ड शेवटी १० मिनिटं जादा देतं, ती हिशेबात धरायचीच नाहीत. रविवारी ११ ते १, घड्याळ समोर ठेवून पूर्ण पेपर. २ गुणांच्या प्रश्नाला सात मिनिटं झाली की जागा सोडून पुढे जायचं. आकृती चुकली तर एक रेघ मारायची आणि शेजारी दुसरी काढायची.

"आणि खोडरबर माझ्याकडे ठेवून जा."

हे मात्र तिला जड गेलं. कंपासपेटीतून ते काढलं, एका बाजूने झिजून होडीसारखं झालेलं, आणि जरा वेळ मुठीतच धरून ठेवलं. पहिल्या रविवारच्या पेपरात तिने चुकलेल्या वर्तुळावर रेघ मारली होती खरी, पण पट्टीने! दुसऱ्या रविवारी हाताने. गुण एकदम वाढले नाहीत. पहिल्यांदा घाईत प्रमेयच चुकलं आणि ती माझ्यासमोर रडली. तिसऱ्या रविवारी पाचवा प्रश्नही लिहून झाला होता, २८ गुण होते.

डोकं कोरं होतं म्हणणारी प्रत्येक मुलगी अशीच असते असं नाही. जिला रात्र-रात्र झोप नाही, पेपरच्या सकाळी उलट्या होतात, हात थरथरतो, तिचं प्रकरण वेगळं. तिथे मी उत्तरपत्रिका बघत बसत नाही, आईवडिलांना बोलावते आणि डॉक्टरांकडे पाठवते.

फेब्रुवारीत हॉल तिकीट घ्यायला माय-लेकी आल्या तेव्हा आई जरा बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, पेपर पूर्ण लिहिते आता, ते बरं झालं. पण अक्षर फार बिघडलंय हो तिचं. त्याचं काही करता येईल का?"