कॅसेट पुन्हा ऐकली तर दादाची आठवण झिजेल का?

जवळचं माणूस गेल्यावर किंवा नातं तुटल्यावर एखादा अल्बम अचानक ऐकवेनासा होतो, ही तक्रार घेऊन बरेच लोक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “अजूनही गाणं लागलं की रडू येतं, म्हणजे मी सावरलेच नाही का?” याच्या आड आणखी एक प्रश्न दडलेला असतो. तो विचारायला लोकांना लाज वाटते, कारण तो ऐकायला थोडा वेडगळ वाटतो: ही गाणी मी रोजच्या रोज ऐकायला लागले, तर त्यातलं माणूस निघून जाईल का?

एका बाईंनी तो मला सरळ विचारला. त्यांच्या परवानगीने ही गोष्ट लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीच्या पुढे, नोकरी व्यवस्थित, घरही व्यवस्थित. मोठा भाऊ जाऊन दीड वर्ष झालेलं. माझ्याकडे येण्याचं कारण मात्र त्यांनी “मुलावर ओरडले” असं सांगितलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एका संध्याकाळी मोबाइलवर कुठलासा जुना अल्बम लावला होता. पहिल्या गाण्याचे सुरुवातीचे सूर ऐकताच त्या आतल्या खोलीतून धावत आल्या, मोबाइल हिसकावला आणि “हे या घरात लावायचं नाही” म्हणून किंचाळल्या. मुलगा अवाक झाला. त्याला तो अल्बम ॲपने सुचवला होता. मामाचा आणि त्या गाण्यांचा काही संबंध आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. “त्याचं तोंड बघून मला माझीच भीती वाटली, मॅडम,” त्या म्हणाल्या.

अल्बम कुठला, हे इथे महत्त्वाचं नाही. त्यांच्या लेखी तो अल्बम नव्हताच, ती एक कॅसेट होती. दादाने मित्राकडून सीडी आणून ती साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली होती. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. सीडीचा हिशेब त्या तीस मिनिटांत बसेना, म्हणून पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कडव्याच्या मधेच तुटायचं. दोघं भावंडं ते तिथपर्यंतच म्हणायची आणि गप्प व्हायची. पुढे कित्येक वर्षं त्यांना ते गाणं तेवढंच आहे असं वाटत होतं.

दुसरी गंमत तिसऱ्या गाण्यात होती. पंधरा वर्षांच्या या बहिणीने एकदा चुकून प्लेबरोबर रेकॉर्डचं बटण दाबलं. गाण्याच्या मधे काही सेकंद खोलीतला आवाज टेप झाला: खुर्ची सरकल्याचा, आणि मग दादाचा, “अगं, ते नको! ते लाल बटण सोड!” त्यानंतर पुन्हा गाणं. दादाने त्याच दिवशी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकले. ते मोडले की रेकॉर्डचं बटण खाली जात नाही, त्यामुळे पुन्हा तसा घोळ होण्याचा प्रश्न मिटला.

म्हणजे बघा, भावाचा तरुणपणीचा आवाज त्या कॅसेटवर होता. आणि ती कॅसेट भाऊ गेल्यापासून एकदाही यंत्रात गेली नव्हती. कपाटात, रुमालात गुंडाळून.

याच्यावर आणखी एक थर चढला होता. आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, रुग्णालयात, दोघांनी मोबाइलवर तोच अल्बम ऐकला होता. एका इअरफोनची एक बाजू तिच्या कानात, दुसरी त्याच्या. तेव्हापासून त्या गाण्यांना औषधांचा वास यायला लागला, असं त्यांचं म्हणणं. एकदा दुकानात मागे त्यातलं एक गाणं वाजायला लागलं, तर हातातलं सामान तिथेच ठेवून त्या बाहेर पडल्या होत्या.

अशा वेळी मी गाण्यांकडे लगेच वळत नाही. आधी झोप, जेवण, काम, माणसांशी बोलणं याची चौकशी करते. दुःख किती आहे यापेक्षा त्याने रोजचं जगणं अडवलंय का, हे बघायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘लांबलेला शोक’ हे निदान आहे, पण त्यासाठी किमान सहा महिने सतत तीव्र ओढ किंवा त्याच माणसाचा अखंड विचार आणि त्यामुळे जगणं विस्कटलेलं असावं लागतं. या बाईंचं तसं नव्हतं. दादाविषयी त्या हसून बोलायच्या, त्याच्या मुलांची चौकशी करायच्या. अडलं होतं ते एवढ्या एका अल्बमपाशी. गाणं ऐकून डोळे भरून येणं हा आजार नाही, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण चेहरा सैल झाला नाही.

मग त्यांनी विचारलं, “मी ते रोज लावायला लागले तर झिजेल ना? स्वयंपाक करताना, इस्त्री करताना लावलं, तर मग त्यात दादा कसा उरेल?”

मला वाटतं खरा गुंता इथे होता. कॅसेटचा नियम त्यांनी आठवणीला लावला होता. चुंबकीय फीत जुनी होते, तिच्यावरचा लेप सुटतो, यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या भागाला (हेडला) घासून आवाज मंद होतो, कधी फीत गुंतून तुटते. ही भीती अगदी रास्त. म्हणून मी पहिलं काम भावनांचं दिलंच नाही. ती कॅसेट जाणकार माणसाकडून डिजिटल करून घ्या, फाइलच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मूळ कॅसेट खुशाल पुन्हा रुमालात गुंडाळा, एवढंच सांगितलं. ऐकायची सक्ती नाही. समुपदेशनात अशी साधी व्यवहारातली पायरी कित्येकदा तासभराच्या बोलण्यापेक्षा उपयोगी पडते. आवाज आता नष्ट होणार नाही हे पक्कं झाल्यावर पुढचं बोलणं सोपं झालं.

आठवणीचं मात्र फितीसारखं नसतं. आठवलेली गोष्ट आठवल्यामुळे पक्की होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये वाचलेल्या मजकुराच्या बाबतीत हे दाखवलं, की पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढण्याने तो आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहतो. आठवताना तपशील थोडे बदलू शकतात, हेही खरं. पण न आठवता कपाटात ठेवल्याने आठवण ताजी राहते, याला आधार नाही.

तरी त्यांची शंका पूर्ण चुकीची नव्हती, आणि हे लपवणं मला बरोबर वाटत नाही. एकच खूण अनेक प्रसंगांना जोडली गेली की तिच्यावरून नेमका एक प्रसंग वर येणं अवघड होतं. स्मृतीच्या अभ्यासात ही गोष्ट १९७०च्या दशकापासून नोंदलेली आहे. एखादं गाणं वर्षभर इस्त्री करताना लावलं, तर ते लागताच दादा समोर उभा राहील याची खात्री नाही. ती टोचणी बोथट होईल. त्यांना ते नको होतं का? यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काही गाण्यांची झाली तर बरंच होईल. सगळ्यांची नको.”

यावरून पुढचं काम ठरलं. मी त्यांना अल्बमची गाणी न ऐकता, फक्त आठवून, कॅसेटच्या क्रमाने लिहायला सांगितली, आणि प्रत्येकासमोर काय आठवतं ते. ही युक्ती मी बऱ्याच जणांना देते, कारण “तो अल्बम” असं एक भलंमोठं ओझं त्यामुळे सुट्या गाण्यांत विभागलं जातं. गाण्यागणिक आठवणी येतातच असंही नाही. पीटर जनाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तरुणांना त्यांच्या लहानपणीची आणि किशोरवयातली लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा सरासरी तीसेक टक्के गाण्यांनीच स्वतःच्या आयुष्यातलं काही जागं केलं. या बाईंच्या यादीतही चार-पाच गाण्यांसमोर काहीच नव्हतं. “हे गाणं नुसतं होतं,” असं त्यांनी एका ठिकाणी लिहिलं होतं. मला ते वाक्य फार आवडलं.

आणि पहिल्या बाजूच्या शेवटच्या, तुटणाऱ्या गाण्यासमोर त्यांनी जवळजवळ पानभर लिहिलं होतं. रुग्णालयात मोबाइलवर ते गाणं लागलं तेव्हा नेहमीच्या जागी ते तुटलं नाही. पुढे चालतच राहिलं. दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. दादा म्हणाला, “इथे तुटायला हवं होतं गं,” आणि दोघं इतकी हसली की नर्स बघायला आली. हे त्या विसरल्या नव्हत्या, पण दीड वर्षात एकदाही त्यांना ते आठवलंही नव्हतं. रुग्णालय म्हटलं की सलाइन, रिपोर्ट, रात्रीचे फोन एवढंच पुढे यायचं. गाणी टाळण्याच्या नादात हे हसणंही टाळलं गेलं होतं. टाळण्याची ही किंमत लोकांच्या लक्षात येत नाही. नको ते बंद केलं की त्याच खोलीतलं हवं तेही बंद होतं.

ऐकायला सुरुवात ‘नुसत्या’ गाण्यांपासून केली. वेळ त्यांनी निवडायची, दिवसाउजेडी, एका वेळी एकच गाणं, आणि नंतर लगेच करायचं एखादं ठरलेलं काम. रात्री झोपण्यापूर्वी नाही, गाडी चालवताना तर मुळीच नाही. दुकानात गाण्याने गाठलं आणि घरी आपण गाणं लावलं, यात गाणं तेच असलं तरी फरक मोठा आहे: एकात आपण सापडतो, दुसऱ्यात आपल्या बोटाखाली थांबवायचं बटण असतं. स्ट्रोब आणि शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाची एक मांडणी केली. तिच्यात माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी रोजच्या कामाकडे, आणि हे मागे-पुढे होणंच निरोगी मानलं आहे. म्हणून गाण्यानंतरचं काम मी मुद्दाम सांगते. दुःखातून बाहेर येण्याचा दरवाजा आधी ठरलेला असला की आत जायला भीती कमी वाटते.

दुसऱ्या गाण्याला त्या खूप रडल्या. तिसरं त्यांनी बाजूला ठेवलं, कारण कॅसेटच्या फाइलमध्ये त्यात दादाचा आवाज होता. मी आग्रह केला नाही. सगळं ऐकून ‘पार’ व्हायलाच हवं, असा हट्ट काही लोक स्वतःपाशी धरतात आणि काही समुपदेशकही धरतात. मला तो पटत नाही. वर्षातून एकदा, ठरवून, एक गाणं जपून ऐकणं यात बिघडलेलं काही नाही.

मुलाचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. मी म्हटलं, त्याला कॅसेटची गोष्ट सांगा. त्यांना वाटत होतं, आजच्या मुलाला त्यात काय रस! पण क्रुमहान्सल आणि झुपनिक यांच्या २०१३ च्या अभ्यासात विशीतल्या तरुणांच्या वैयक्तिक आठवणी त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणच्या गाण्यांशीही जोडलेल्या आढळल्या. घरात जे वाजतं ते मुलांचंही होतं. त्यांच्या मुलाने गोष्ट ऐकली, लाल बटणाचा भाग दोनदा सांगायला लावला आणि विचारलं, “मग मामाचा आवाज मी ऐकू?” त्याने हेडफोन लावून एकट्याने ऐकला. आईला ऐकवला नाही, हे त्याचं शहाणपण.

एक गोष्ट स्पष्ट करते. गाण्याशी मार, जबरदस्ती किंवा अपघात जोडलेला असेल, ते ऐकताच घाम फुटत असेल, प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटत असेल, तर हे घरी करून बघू नका. तिथे आघातावर काम करणारा तज्ज्ञ हवा. महिनोन् महिने कामधंदा सुटला असेल, जगण्याची इच्छा उरली नसेल, तर गाण्यांची यादी बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आणि तुटलेल्या नात्याचा अल्बम असेल, तर न ऐकणं हाही पूर्ण चांगला निर्णय आहे.

शेवटच्या भेटीत त्या तक्रार घेऊनच आल्या. घरात आता अल्बम वाजतो, पण मुलगा तो शफलवर लावतो. “एक गाणं संपलं की मला पुढचं आधीच ऐकू येतं, आणि हा भलतंच काहीतरी लावतो!” हे त्यांच्या एकट्यांचं नाही. २००९ मध्ये लीव्हर आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्यांच्या आवडत्या सीडीवरची गाण्यांची शेवटची काही सेकंदं ऐकवली. त्यानंतरच्या शांततेतही मेंदूचे काही भाग जागे झालेले दिसले, जणू पुढच्या गाण्याची तयारी चालली होती. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग त्याला सांगते, शास्त्र माझ्या बाजूने आहे.” मायलेकांचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही.