इटलीत एकटीने, मोटारसायकलवर : वाचकांचे प्रश्न

टस्कनी आणि उंब्रियातून मी एकटीने केलेल्या मोटारसायकल प्रवासावर मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून उत्तरं देते आहे.

*ताई, मी बेचाळीस वर्षांचा आहे, नाशिकला सहकारी बँकेत नोकरी करतो. साडेतीनशे सीसीची गाडी रोज चालवतो. येत्या सप्टेंबरात एकट्याने इटलीत फिरायचं मनात आहे. घरचे एकच विचारतात, ‘एकट्याला काही झालं तर?’ खरंच काय काय होतं तिथे?*
— एक वाचक, नाशिक

घरच्यांच्या डोळ्यांसमोर दरी असते, आंधळं वळण असतं, अंगावर येणारा ट्रक असतो. माझ्यावर जे प्रसंग आले ते जवळजवळ सगळे गाडी उभी असताना किंवा नुकतीच उभी राहिलेली असताना आले. घाटात माणूस जागा असतो. पंपावर तो हेल्मेट काढतो, पाणी पितो आणि डोकं सैल सोडतो. म्हणून तयारी करायची ती थांब्यांची.

आधी पेट्रोल पंप. लहान गावातला पंपवाला दुपारी जेवायला जातो तो तीन-साडेतीनला उगवतो, रविवारी बहुधा येतच नाही. अशा वेळी पैसे मशीनला द्यायचे. आधी नोट सरकवायची, मग आपण उभे आहोत त्या पंपाचा नंबर दाबायचा, मग नोझल उचलायचं. मशीन सुटे परत देत नाही. तोदी गावाच्या अलीकडे मी वीस युरोची नोट घातली आणि टाकी चौदा युरोतच भरली. उरलेल्या सहा युरोंची पावती मिळाली, पण ती वटवायला पंपवाला भेटायला हवा. आता मी पाच-दहाच्या नोटाच बाळगते. कार्ड चालतं, मात्र काही मशीनं शंभर युरोच्या आसपास रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला काही दिवस लागतात. दोन-तीन पंप झाले की बँक खात्यात पैसे असूनही कार्ड नाही म्हणतं, हे ध्यानात ठेवा. हिरवं नोझल म्हणजे बेंझीना, आपलं पेट्रोल. काळं म्हणजे गासोलिओ, डिझेल. पंपावर कोणी भरून दिलं तर दर जास्त पडतो.

टोल नाक्यावर हातमोजे घातलेल्या हाताने तिकीट घ्यायचं असतं आणि मागे गाड्यांची रांग असते. मोटरवेवर शिरताना मिळालेलं हे तिकीट हरवलं, तर सर्वांत लांबच्या नाक्यावरून आलात असं धरून टोल लावतात. टँक बॅगचा एक चेनचा कप्पा फक्त त्यासाठी राखा. बाहेर पडताना पिवळ्या मार्गिकेत जाऊ नका, ती आपल्या फास्टॅगसारखं उपकरण लावलेल्यांची असते. पैसे भरण्यात काही अडलं तर मदतीचं बटण दाबा. मशीन एक पावती देतं आणि पंधरा दिवसांत ते पैसे भरता येतात.

आता पंक्चर. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण एकट्याने जाणाऱ्याला खरी भीती याचीच असते. सिएनाच्या आग्नेयेला क्रेते सेनेसी नावाचा चिकणमातीच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. सप्टेंबरात कापणी होऊन नांगरट झालेली असते, मैलभर नुसती राखाडी ढेकळं दिसतात. तिथे आशानो गावाबाहेर शनिवारी दुपारी गाडी मागून डोलायला लागली. चाकात स्क्रू घुसला होता. गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर टेम्पो पाठवू म्हणाले, पण वर्कशॉप सोमवारीच उघडणार. टायरवाल्याला तिथे गोम्मिस्ता म्हणतात. गावातल्या गोम्मिस्ताचं शटर दुपारी बाराला खाली आलेलं होतं.

माझ्याकडे ट्यूबलेस पंक्चरचं किट होतं: भोक साफ करायची कानस, सुई आणि चिकट रबरी पट्ट्या. आपल्याकडे हायवेवरचा पंक्चरवाला पाच मिनिटांत जे करतो तेच. निघण्यापूर्वी कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे बसून, एका टाकाऊ टायरवर मी ते शिकले होते. पट्टी बसली. हवेचा प्रश्न राहिला. रस्त्याला लागून एका शेतकऱ्याची ट्रॅक्टर शेड होती, तिथे कॉम्प्रेसर मिळाला. त्या आजोबांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची मोडकीतोडकी येत होती. त्यांनी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं, मग बोटं दाखवून विचारलं, किती? इथे एक आकडा पाठ हवा. आपल्याला पीएसआयची सवय, तिथले मीटर बारमध्ये असतात. ३६ पीएसआय म्हणजे साधारण २.५ बार. त्या पट्टीवर मी हळू चालवत जवळच्या मुक्कामी पोहोचले, रविवारी गाडी हलवली नाही, सोमवारी सकाळी गोम्मिस्ताने टायर काढून आतून मशरूम पॅच लावला. इतकंच झालं. पण तो रविवार हाताशी मोकळा होता म्हणून इतकंच झालं. पुढच्या रात्रीचं बुकिंग दोनशे किलोमीटरवर असतं, तर मी त्याच पट्टीवर मोटरवेला लागले असते आणि ते खरंच धोक्याचं ठरलं असतं.

म्हणून माझा आग्रह आहे: दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर बेत आखू नका आणि आठवड्यात एक दिवस कोरा ठेवा. नकाशावर इटली लहान दिसते, पण डोंगरातल्या रस्त्यावर तासाला चाळीस-पन्नास किलोमीटरच होतात. ऑगस्ट टाळताय हे उत्तम. १५ ऑगस्टच्या सणाच्या आगेमागे तिथली कितीतरी गॅरेजं दोन-दोन आठवडे बंद असतात.

उजवीकडून चालवण्याबद्दल एकच सांगते. गर्दीत माणूस चुकत नाही, समोरच्यामागून जातो. चूक होते ती सकाळी, हॉटेलच्या फाटकातून रिकाम्या रस्त्यावर येताना. टाकीवर उजवीकडे बाण असलेलं स्टिकर लावा. चौकातल्या गोल बेटाला घड्याळाच्या उलट दिशेने वळसा घालायचा आणि आधी डावीकडे पाहायचं.

घरच्यांसाठी: संकटात ११२ हा एकच क्रमांक. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घरी फोन करा. वेळ भारतातल्या घड्याळाने ठरवा, म्हणजे तिकडे कोणी आकडेमोड करत काळजी करत बसणार नाही.

*सहलीहून परत आल्यावर दोन महिन्यांनी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीने माझ्या कार्डातून पन्नासेक युरो कापले. ईमेलमध्ये ‘दंड’ असं काहीतरी आहे. मी वेगमर्यादा पाळली होती. हा काय प्रकार?*
— एक वाचक, पुणे

बहुधा तुम्ही एखाद्या जुन्या शहराच्या बंदी असलेल्या भागात शिरला होता. झेड-टी-एल अशी तीन अक्षरं आणि पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ असतं. वेशीवर कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो घेतो. कोणी अडवत नाही, त्यामुळे पत्ताच लागत नाही. पाटीखाली पेटत्या अक्षरांत ‘वार्को आत्तीवो’ असेल तर कॅमेरा चालू आहे. दुचाकींना काही शहरांत मुभा आहे, काहींत नाही, तेव्हा शहरागणिक विचारावं लागतं. हॉटेल त्या भागात असेल तर पोहोचण्याआधी त्यांना नंबर कळवा. पुष्कळ ठिकाणी हॉटेलवाले तो नगरपालिकेकडे नोंदवू शकतात.

आणखी एक, आणि हे वाचून तुम्हाला बरं वाटणार नाही. कापलेली रक्कम कंपनीने तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची फी असावी. खरा दंड वेगळा, टपालाने येतो. परदेशातल्या पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवसांची मुदत असते. आली की ठेवून देऊ नका. पाच दिवसांत भरल्यास बहुतेक दंडांत तीस टक्के सूट मिळते.

*स्टेल्वियो घाट केला नाही तर इटलीची राइड अपुरी, असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. मी एकटीच जाणार आहे. करू का? आणि कागदपत्रं कोणती लागतात?*
— एक वाचक, ठाणे

स्टेल्वियो आल्प्समध्ये २,७५७ मीटर उंचीवर आहे. प्रातो गावाच्या बाजूने चढताना नंबर लावलेली ४८ केसपिन, म्हणजे केसाच्या पिनेसारखी, वळणं लागतात. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात कार्लो दोनेगानी या अभियंत्याने तो बांधला आणि १८२५मध्ये तो खुला झाला. बांधणी म्हणून तो पाहण्यासारखाच आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे सायकलवाले, मोटारी, कॅम्पर व्हॅन आणि बस सगळे एकाच वळणावर असतात. चढावर उजव्या केसपिनमध्ये समोरची बस अडली, तर भरलेली गाडी पायावर तोलून धरावी लागते, आणि पडली तर उचलायला सोबत कोणी नसतं. करायचाच असेल तर जूनच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, कामाच्या दिवशी, सकाळी आठच्या आत. हिवाळ्यात तो बंद असतो.

माझा स्वतःचा जीव रमला तो बोलोन्या ते फ्लॉरेन्स या जुन्या रस्त्यावर. रातिकोसा ९६८ मीटर, फुता ९०३ मीटर. आपल्या आंबोलीपेक्षा दोन-तीनशे मीटरच उंच. मोटरवे झाल्यापासून जड वाहतूक तिकडे गेली आणि हा रस्ता दुचाकीवाल्यांना राहिला. रविवारी रातिकोसाच्या माथ्यावर गाड्यांची दाटी असते. एकटीने जाणारीला तिथे चहा-कॉफीच्या टेबलावर सोबत मिळते, पुढच्या रस्त्यावर खडी पडली आहे का तेही कळतं. उतरून पिसाकडे वळलात तर वाटेत पोंतेदेरा लागतं. १९४६पासून व्हेस्पा स्कूटर तिथे बनते, म्युझियमही कारखान्यालगत आहे. त्याच कंपनीचा कारखाना आपल्या बारामतीत आहे, त्यामुळे मला तिथे पाहुण्यासारखं वाटलं नाही.

कागदपत्रं: आपलं मूळ लायसन्स, त्यावर गिअरवाल्या मोटारसायकलची नोंद, आणि आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट. फॉर्म ४ए, फी हजार रुपये, मुदत एक वर्ष. परमिट एकटं चालत नाही, मूळ लायसन्स सोबतच दाखवावं लागतं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा लागतो. त्यात मोटारसायकलचा अपघात धरला आहे का, आणि किती सीसीपर्यंत, ते लेखी विचारा. बऱ्याच पॉलिस्यांत तिथेच मेख असते.

*आम्ही माणगावकर. नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक इटलीत झालं आहे असं ऐकलं. तुम्ही गेला होतात का?*
— एक वाचक, माणगाव, जि. रायगड

गेले होते, आणि माझ्या मते मराठी माणसाने इटलीत एकच वाकडी वाट करायची तर ती हीच करावी.

पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. त्यांचं नाव कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे.

उंब्रियातल्या मोंतोने गावाने जुलै २०२३मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभारलं. पेरुज्याकडून वर येताना खोऱ्यातल्या महामार्गावरून उंबेर्तिदेजवळ उतरायचं आणि गावाचा चढ चढायचा. गाव टेकडीवर आहे, तटबंदी शाबूत आहे. गाडी तटाबाहेरच लावा, आतले दगडी रस्ते उतरते आणि गुळगुळीत आहेत. तिथून खाली दिसणारं खोरं आता तंबाखू, सूर्यफूल आणि मक्याचं आहे. बंदुकीचा मारा चुकवायला या उताराला आडोसा किती कमी आहे, हे तिथे उभं राहिल्यावर मला कळलं. पुस्तकातून कळलं नव्हतं.

वेळ असेल तर पुढे फोर्लीला जा. तिथे भारतीय सैन्याची युद्ध स्मशानभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांच्या नावांचं स्मारकही. त्याच भागातल्या सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना उचलून नदीपार आणलं, आणि त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुमच्या तालुक्यातून कोणी जाणार असेल, तर कासिनो, मोंतोने, फोर्ली, सेनियो असा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा मार्ग आखा. सैन्यही त्याच दिशेने गेलं होतं.

*शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?*
— एक वाचक, सांगली

राहणार नाही. पिसा-लिवोर्नोकडे हरभऱ्याच्या पिठाचं, ओव्हनमध्ये भाजलेलं चेचिना मिळतं, लिग्युरियात त्यालाच फारिनाता म्हणतात. टस्कनीत पाव, पांढरे वाल आणि काळ्या पानकोबीचं रिबोल्लिता. मारिनारा पिझ्झावर चीज नसतंच. मात्र पार्मिज्यानो चीज वासराच्या जठरातल्या पदार्थाने विरजलेलं असतं, पियादिना नावाच्या पोळीत बरेचदा डुकराची चरबी असते आणि सूपचं पाणी मांसाचं असू शकतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री साडेसातशिवाय उघडत नाहीत. मधल्या वेळेसाठी भडंग, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले चणे न्या. तुपातले लाडू आणि पेढे मात्र नेऊ नका. युरोपियन संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, विमानतळावर ते काढून घेतात.