‘स्कोर कितीही कमी असू द्या, कार्ड नक्की मिळेल’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कर्जाचे हप्ते थकल्यामुळे ज्यांची पत खालावली आहे, अशा लोकांना हेरून फोनवरून क्रेडिट कार्डाचे आमिष दाखवणाऱ्या टोळ्यांविषयी आमच्याकडे बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : व्यवसाय बंद पडल्यामुळे माझ्या वैयक्तिक कर्जाचे काही हप्ते थकले आणि सिबिल स्कोर (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा पतगुणांक) 580 पर्यंत घसरला. अलीकडेच एका बँकेने माझा कार्डाचा अर्ज नाकारला. त्यानंतर काही दिवसांतच एका बाईंचा फोन आला. ‘अर्ज नाकारलेल्या ग्राहकांसाठी आमची खास योजना आहे, तुम्हाला एक लाख रुपये मर्यादेचे कार्ड मंजूर झाले आहे, फक्त 2,499 रुपये प्रोसेसिंग फी आजच भरावी लागेल आणि ती पहिल्या बिलात वळती होईल,’ असे त्या म्हणाल्या. त्यांचे बोलणे अतिशय सभ्य होते. पैसे भरावेत का?

उत्तर : भरू नका, आणि या बाईंचा पुन्हा फोन आला तर बोलणे लांबवूही नका. कार्ड देणे म्हणजे बँकेने स्वतःचे पैसे तुमच्या भरवशावर सोडणे. तेव्हा उत्पन्नाचे पुरावे आणि पतअहवाल तपासल्याशिवाय कोणतीही बँक मंजुरीची हमी देत नाही आणि फोनवरच्या प्रतिनिधीला तर तो अधिकारच नसतो. 580 गुणांक असलेल्या माणसाला कागदपत्रे न पाहता, तेही एक लाखाच्या मर्यादेचे कार्ड ‘मंजूर झाले आहे’ असे जो सांगतो, त्याला कार्ड द्यायचेच नसते, हे गृहीत धरून चालावे. खऱ्या कार्डालाही सदस्यत्वाचे शुल्क असते, परंतु ते सहसा कार्ड हातात पडल्यावर पहिल्या बिलात लावले जाते. कार्ड येण्याआधीच ते एखाद्या व्यक्तीच्या नावावरील यूपीआय क्रमांकावर भरायला सांगितले, तर तेवढे एक कारण नकाराला पुरेसे आहे.

फसवणुकीचा पुढचा प्रवास आधीच ठाऊक असलेला बरा, कारण यातले खरे नुकसान पहिल्या रकमेत होत नाही. पहिली रक्कम मुद्दामच पेलवेल इतकी ठेवलेली असते. ती मिळाली की दुसऱ्या दिवशी जीएसटीचे पैसे भरायचे राहिले असे कळवतात, मग कार्डाच्या विम्याचे, मग ‘स्कोर कमी असल्यामुळे’ परत मिळणारी अनामत रक्कम म्हणून काही हजारांचे. दरम्यान व्हॉट्सॲपवर बोधचिन्ह असलेले मंजुरीपत्र, अधिकाऱ्याचे ओळखपत्र, कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाचा दाखलाही येतो. रिझर्व्ह बँक कोणाही व्यक्तीच्या कार्डाला किंवा कर्जाला मंजुरी देत नाही. त्यामुळे असा दाखला दिसला की तो खोटाच समजावा. शेवटी माणूस कंटाळून भरलेले पैसे परत मागतो, तेव्हा परताव्यासाठीही शुल्क सांगितले जाते. आधी गेलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे पैसे भरणे ही अगदी मानवी चूक आहे आणि या टोळ्यांचा सगळा व्यवहार तिच्यावरच उभा आहे.

फोन खरा की खोटा, याची शहानिशा त्या फोनवर करू नये. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड देणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधींनी सकाळी 10 ते सायंकाळी 7 या वेळेतच ग्राहकांशी संपर्क साधायचा असतो, आणि बँकांचे जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या, तर सेवा व व्यवहारांविषयीचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत असा नियम आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून रात्री आठ वाजता ‘बँक’ बोलू लागली, तर तो फोन ठेवावा, बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून (बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात) तेथील क्रमांकावर विचारावे. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून किंवा त्यानेच दिलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावरून केलेली चौकशी ही चौकशीच नव्हे.

प्रश्न : मला फोन करणाऱ्याला माझा अर्ज कोणत्या बँकेने नाकारला हेही माहीत होते. सिबिल किंवा बँका आमची माहिती विकतात का?

उत्तर : त्याला माहिती होती, म्हणून तो बँकेचाच माणूस होता, असा निष्कर्ष काढू नका. पतअहवाल कोणाला पाहता येतो यावर 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने बंधने घातली आहेत. मात्र कर्ज शोधताना आपण कितीतरी ॲपवर आणि जाहिरातींखालील अर्जांत नाव, पगार, पॅन आणि मोबाइल क्रमांक भरून देतो, आणि तेथून या याद्या हातोहात फिरतात. शिवाय पुष्कळदा त्याला काहीच ठाऊक नसते. ‘मागे एका बँकेत तुमचे काम अडले होते ना?’ असे तो मोघमपणे विचारतो, बँकेचे नाव आपणच सांगतो आणि पुढच्या वाक्यात तो ते आपल्यालाच ऐकवतो.

तुम्ही आपला अहवाल मात्र अवश्य मागवा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांनी दर वर्षी एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यायचा असतो. त्यात कोणत्या संस्थांनी तुमच्या पतीविषयी चौकशी केली, याची यादी असते. तुम्ही अर्ज केलेला नसताना एखाद्या संस्थेने चौकशी केल्याची नोंद किंवा तुम्ही न घेतलेले कर्ज तेथे दिसले, तर तुमच्या पॅनचा गैरवापर झाला असण्याची शक्यता आहे आणि त्याची लेखी तक्रार त्या संस्थेकडे व पतमाहिती कंपनीकडे लगेच केली पाहिजे.

प्रश्न : एक संस्था 15,000 रुपये घेऊन माझ्या अहवालातील ‘सेटल्ड’ हा शेरा काढून टाकण्यास आणि तीन महिन्यांत स्कोर 750 करून देण्यास तयार आहे. त्यासाठी माझ्या बचत खात्यात ‘उलाढाल दाखवावी’ लागेल, असे ते म्हणतात. हे शक्य आहे का?

उत्तर : पत्रातील शेवटच्या वाक्याने आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटली, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. बचत खात्यात पैसे आले आणि गेले म्हणून गुणांक वाढत नाही. अहवालात कर्जे आणि कार्डे यांची नोंद असते, बचत खात्यातील उलाढालीची नसते. मग त्यांना तुमचे खाते कशासाठी हवे आहे? दुसऱ्या कोणाला फसवून मिळवलेले पैसे त्यातून पुढे सरकवण्यासाठी, अशी दाट शंका आहे. तसे झाले तर खाते गोठवले जाईल, पोलिसांची नोटीस तुमच्या नावाने येईल आणि पैसे आपले नव्हते हे सिद्ध करताना तुमच्या नाकीनऊ येतील. पासबुक, डेबिट कार्ड, सिम कार्ड किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड यांपैकी काहीही त्यांच्याकडे गेले असेल, तर आजच बँकेत जाऊन लेखी कळवा.

आता शेऱ्याविषयी. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. नोंद चुकीची असेल, तर पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडे तक्रार करावी. 30 दिवसांत निवारण झाले नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. हा नियम फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि तो अधिक ठळकपणे सांगितला जायला हवा. नोंद खरी असेल, म्हणजे बँकेने थकबाकीपेक्षा कमी रक्कम स्वीकारून खाते मिटवले असेल, तर उरलेली रक्कम भरण्याविषयी त्या बँकेशीच बोलावे, येणे बाकी नसल्याचे पत्र घ्यावे आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून मागावी.

गुणांक सावरण्याचा मार्ग संथ आहे, पण तो सर्वांना खुला आहे. चालू कर्जांचे हप्ते एकही दिवस न चुकवता भरणे आणि एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज न करणे, या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या. कार्ड हवेच असेल, तर अनेक बँका मुदत ठेवीच्या तारणावर ते देतात. तेथेही आधी पैसे गुंतवावे लागतात, परंतु ते तुमच्याच नावाने ठेवीत राहतात, त्यांवर व्याज मिळते आणि ठेवीची पावती हातात येते. त्या कार्डाची बिले वेळेवर भरली की त्याची नोंद अहवालात होत जाते.

प्रश्न : माझ्या विधवा बहिणीला कार्डाचे आमिष दाखवून आधी फी घेतली आणि मग ‘कार्डाची स्थिती पाहण्यासाठी’ व्हॉट्सॲपवरून एक ॲप उतरवून घ्यायला लावले. तिने ओटीपी कोणालाही सांगितला नाही, तरीही तिच्या बचत खात्यातून 62,000 रुपये गेले. या गोष्टीला आठ दिवस झाले. ती कोणाला सांगायला तयार नव्हती, काल रडत मला सांगितले. आता तक्रार करून उपयोग आहे का?

उत्तर : आहे. हे पत्र मिळताच आम्ही तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले होतेच. इतरांच्या उपयोगासाठी येथे सविस्तर लिहीत आहोत.

सर्वांत आधी 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. या यंत्रणेतून बँकांना सूचना जाते आणि पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तेथे ते रोखून धरता येतात. पहिल्या काही तासांत याचा उपयोग सर्वाधिक होतो, पण उशीर झाला म्हणून तक्रार टाळू नये. साखळीतल्या एखाद्या खात्यात काही रक्कम अडकलेली असू शकते. त्याबरोबरच बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. फोनमधील ते ॲप काढून टाकण्यापूर्वी त्याची आणि सर्व संदेशांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढून ठेवावीत, इंटरनेट बंद करावे आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत.

बँकेच्या जबाबदारीविषयी रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेले नियम बारकाईने वाचण्यासारखे आहेत. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याने सोसायचे, असे ते सांगतात. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, अशा प्रकरणात मात्र तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच भार पडत नाही, आणि चार ते सात दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्यासाठी तो जास्तीत जास्त 10,000 रुपये असतो. हे दिवस सुट्ट्या वगळून आणि व्यवहाराची सूचना मिळाल्याचा दिवस सोडून मोजायचे असतात, म्हणून तुमचे आठ दिवस अजूनही त्या मुदतीत बसू शकतात. ओटीपी तुमच्या बहिणीने सांगितला नाही, तो ॲपने वाचला, हा मुद्दा तक्रारीत स्पष्ट शब्दांत लिहा. बँक यालाही निष्काळजीपणा म्हणेल, परंतु ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. फी म्हणून तिने स्वतः पाठवलेले पैसे वेगळे दाखवावेत. त्यांचा निर्णय पोलीस तपासावर अवलंबून राहील.

एक इशारा : आता ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन येण्याची शक्यता आहे. एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक या लोकांना फार मोलाचा वाटतो. बहिणीला हे आजच सांगून ठेवा. आणि कृपा करून, ‘तुला एवढे कळले नाही का’ हा प्रश्न तिला घरात कोणीही विचारू नये. बँकेने नाकारलेल्या माणसाला कोणीतरी आदराने ‘तुम्हाला नक्की मिळेल’ म्हणते, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तिचे आठ दिवस वाया गेले ते ॲपमुळे नव्हे, या प्रश्नाच्या भीतीमुळे.

प्रश्न : मी अर्ज केला नसताना एका बँकेचे कार्ड घरी आले आहे. काय करावे?

उत्तर : ते सुरू करू नका, ओटीपी कोणालाही सांगू नका आणि बँकेच्या अधिकृत पत्त्यावर लेखी हरकत नोंदवा. न मागितलेली कार्डे देण्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मनाई आहे. संमतीशिवाय ते सुरू करून बिल लावले गेले, तर बँकेने ती रक्कम रद्द करून तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा असतो.

प्रश्न : माझ्या मुलाला फोनवरून क्रेडिट कार्डे विकण्याची नोकरी लागली आहे. ग्राहकांकडून फी आधी घेतली जाते आणि कार्डे मिळाल्याचे त्याने अजून पाहिलेले नाही. पगार रोख मिळतो. मला धास्ती वाटते.

उत्तर : तुमची धास्ती योग्य आहे. ज्या बँकेचे नाव घेऊन तो बोलतो, त्या बँकेने त्याच्या कंपनीला एजंट म्हणून नेमले आहे का, हे बँकेला ईमेल पाठवून विचारता येते. तशी नेमणूक नसेल, तर त्याला फोनवर बोलण्यासाठी जी संहिता (ठरीव मजकूर) दिली आहे ती फसवणुकीची आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 318, तोतयेगिरीसाठी कलम 319 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ड ही कलमे केवळ मालकाला लागू होतात असे नाही. सत्य कळल्यानंतरही जो फोन करत राहतो, त्याला ‘मी फक्त नोकर होतो’ हा बचाव फारसा उपयोगी पडत नाही. त्याने उद्यापासून कामावर जाऊ नये, राजीनामा ईमेलने पाठवावा, नेमणूकपत्र, बोलण्याची संहिता, पैसे ज्या खात्यांवर घेतले जात त्यांचे तपशील आणि वरिष्ठांचे संदेश जपून ठेवावेत आणि वकिलाला सोबत घेऊन सायबर पोलीस ठाण्यात स्वतःहून माहिती द्यावी. ज्या ग्राहकांचे पैसे त्याच्या बोलण्यावरून गेले आहेत, त्यांच्याकडे दाद मागण्यासाठी फार थोडे दिवस असतात. त्याने दिलेली माहिती लवकर पोहोचली, तर त्यांतील काहींचे पैसे अजूनही रोखता येतील.