डॉक्टर, लेकीच्या बाळंतपणाला विमानानं जाऊ का?

प्रश्न : मी ५९ वर्षांची. रत्नागिरीजवळच्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. १८ दिवसांपूर्वी मुंबईत माझ्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढला. गाठ कॅन्सरची होती, पण अगदी सुरुवातीची. केमो लागणार नाही असं सांगितलंय. ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. सहाव्या दिवशी छातीतली नळी काढली, आठव्या दिवशी घरी सोडलं. आता अंगणात फिरते, स्वतःचं सगळं करते. बोटाला लावायच्या यंत्रावर ९४ येतं, कधी ९३.

लेक लंडनला असते, तिची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिकीट आजाराचं कळायच्या आधीच काढलेलं होतं, ते आजपासून १७ दिवसांनी आहे. सर्जन म्हणाले, "महिन्यानंतर जायला हरकत नाही." शेजारी म्हणतात, विमानात फुफ्फुस फुटतं. तिकीट काढून देणारा मुलगा म्हणतो, "काकू, कंपनीला काही सांगूच नका, नाहीतर चढू देणार नाहीत." सोबत छोटा ऑक्सिजन सिलिंडर नेला तर चालेल का? पहिलंच नातवंड आहे हो. डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रेच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडते आहे.

उत्तर : बाई, (तुम्ही शाळेतल्या, म्हणून बाईच म्हणते) मासिक छापून येईपर्यंत तुमचं विमान उडून गेलं असतं, म्हणून हे सगळं तुम्हाला फोनवर आधीच सांगितलं आहे. इथं लिहिते आहे ते तुमच्यासारख्या इतरांसाठी. मिरजेत ३१ वर्षं छातीचे पेशंट बघताना हा प्रश्न मला फार उशिरा विचारला जातो. बहुतेक वेळा प्रवास होऊन गेल्यावर.

तुम्ही ९४ च्या आकड्यानं धास्तावला आहात. माझी नजर अडली ती झेरॉक्सवरच्या शेवटून दुसऱ्या ओळीवर. तिथं लिहिलंय, 'स्मॉल रेसिड्युअल अपायकल न्यूमोथोरॅक्स'. म्हणजे शेंड्याशी, फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्या मधे, थोडी हवा उरली आहे. घाबरण्यासारखं यात काही नाही. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग असतात. वरचा काढला की ती जागा लगेच भरत नाही. खालचे दोन पसरत पसरत ती व्यापतात, आणि तोवर तिथं हवेचा कप्पा राहणं नेहमीचंच. शरीर ती हवा रोज थोडी थोडी शोषून घेतं. घरी असलेल्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच सर्जननी तुम्हाला "जिरेल आपोआप" म्हणून सोडलं, आणि ते बरोबरच होतं. पण ती हवा घेऊन विमानात बसायचं नाही.

का, ते नीट सांगते. विमान ३५-४० हजार फुटांवर उडतं, पण आत हवा भरून दाब वाढवलेला असतो. तो जमिनीवरच्याइतका मात्र नसतो. केबिनमधला दाब नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ८००० फूट, म्हणजे २४३८ मीटर उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. त्याच्यावर आणखी अर्धं कळसूबाई रचा, जवळपास तिथं तुम्ही नऊ-दहा तास बसणार. आणि तुम्ही समुद्रकाठच्या, सगळ्यात खालच्या पायरीवरून निघणार.

घाट चढताना गाडीतली वेफर्सची पिशवी फुगते, ती तुम्ही पाहिली असेल. बाहेरचा दाब कमी झाला की कोंडलेली हवा पसरते. ८००० फुटांच्या दाबाला ती साधारण एक तृतीयांशानं वाढते. पोटातली वाढली तर पोट गुबारतं, कानातली वाढली तर कानाला दडे बसतात. छातीतल्या बंद कप्प्यातली वाढली तर बाजूचं फुफ्फुस दबतं, आणि ती बाहेर पडायला वाट नसते. शेजारी म्हणतात तसं फुफ्फुस फुटत नाही. आधीपासून बाहेर असलेली हवा त्याला दाबते.

काही वर्षांपूर्वी तासगाव भागातला एक द्राक्ष बागायतदार दिल्लीला अपघातात सापडला. बरगडी मोडून छातीत हवा भरली, नळी घातली, काढली, आणि चौथ्या दिवशी हा गडी विमानानं पुण्याला निघाला. निम्म्या वाटेत छातीत कळ यायला लागली, श्वास पुरेना. कोणाला सांगितलं नाही, कारण चढतानाही सांगितलं नव्हतं. पुण्याहून गाडी करून रात्री माझ्याकडे आला तेव्हा ते फुफ्फुस निम्मं मिटलेलं होतं. पुन्हा नळी, पुन्हा पाच दिवस. तो वाचला. पण दोन तासांच्या प्रवासात जे झालं ते दहा तासांच्या प्रवासात, खाली समुद्र असताना व्हायला नको, एवढ्यासाठी मी त्याची गोष्ट दरवेळी सांगते.

तेव्हा दिवस कुठून मोजायचे, हा खरा प्रश्न. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा हिच्या वैद्यकीय मार्गदर्शनात छातीच्या ऑपरेशननंतर १० दिवस प्रवास नको असं आहे, तोही सगळं सुरळीत असेल तर. छातीत हवा झाली असेल तर फुफ्फुस पूर्ण फुलल्यानंतर किमान ७ दिवस. अपघातानं झालेली असेल तर दोन आठवडे. म्हणजे तुमच्या सर्जनचा 'महिना' चुकीचा नाही, पण तुम्ही ऑपरेशनच्या तारखेपासून मोजताय. मी एक्स-रे स्वच्छ आल्याच्या तारखेपासून मोजेन.

तुम्हाला सांगितलंय ते असं : येत्या आठवड्यात छातीचा एक्स-रे, उभं राहून, पूर्ण श्वास भरून. फिल्म सर्जनना दाखवायची, नुसता रिपोर्ट नाही. हवा गेलेली असेल तर तिकिटाच्या दिवसापर्यंत सात दिवस सहज भरतात. ती फिल्म हातातल्या पिशवीत ठेवा. हवा थोडी जरी दिसली तरी तिकीट पुढं ढकला. त्यात वाटाघाट नाही. आणि आजच विहीणबाईंना फोन करा. पहिले दोन आठवडे त्या जाऊन राहिल्या तर लेक एकटी पडणार नाही, आणि तुम्हालाही धावपळीचा मोह होणार नाही. बाळाला अंघोळ घालायला आजी नंतरही लागतेच.

आता तुमचे ९४. आधी यंत्र नीट लावा. पाच मिनिटं स्वस्थ बसा, बोट कोमट हवं, नखांना रंग किंवा मेंदी नको. तरीही ९३-९४ च येत असेल तर तो आकडा घरी पुरेसा आहे, वर कदाचित नसेल. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, आणि वरही २१ टक्केच असतो. पण दाब कमी असल्यानं शरीराला तो जमिनीवरच्या १५ टक्क्यांइतकाच जाणवतो. निरोगी माणसाचाही आकडा तिथं चार-पाचनं उतरतो. म्हणून मोठ्या शहरांतल्या काही फुफ्फुस तपासणी केंद्रांत 'हायपॉक्सिक चॅलेंज' नावाची तपासणी करतात : खुर्चीत बसवून २० मिनिटं १५ टक्के ऑक्सिजनची हवा द्यायची आणि रक्तातला ऑक्सिजन बघायचा. फार उतरला तर प्रवासात नाकाला नळी लावून, साधारण मिनिटाला २ लिटर, ऑक्सिजन घ्यायचा. यात लाजण्यासारखं काही नाही. चष्म्यासारखी ती एक सोय आहे. तुम्हाला सर्जनकडून ही तपासणी लिहून घ्यायला सांगितलं आहे. एक साधी खूणही बघा : बोलत बोलत एक जिना न थांबता चढता येतो का? येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सिलिंडर घरून नेऊ नका, बहुतेक कंपन्या तो विमानात चालू देत नाहीत. दोन वाटा आहेत. काही कंपन्या आधी सांगितल्यास ऑक्सिजन स्वतः पुरवतात. किंवा बॅटरीवर चालणारं पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं घ्यायचं. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं. त्याचं मॉडेल कंपनीला मान्य आहे का ते आधी विचारा, आणि बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या घ्या. जादा बॅटऱ्या हातातल्या सामानात, मोठ्या बॅगेत नाही. मधे कुठं विमान बदलायचं असेल तर त्या विमानतळावरच्या तासांचा ऑक्सिजन कंपनी बघत नाही, म्हणून थेट मुंबई-लंडन विमानच घ्या. निवड करता येत असेल तर बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० बघा. त्यांत केबिनचा दाब सुमारे ६००० फुटांचा ठेवतात.

तिकीटवाल्या मुलाचं ऐकू नका. मनानं चांगला असेल तो, पण हा सल्ला धोक्याचा आहे. विमान कंपनीचा 'मेडिफ' नावाचा फॉर्म असतो. अर्धा तुम्ही भरायचा, अर्धा डॉक्टरांनी. त्यात ऑपरेशन, तारखा, ऑक्सिजनचा आकडा, सगळं लिहायचं. तो कंपनीच्या डॉक्टरांकडे जातो. किमान दोन-तीन दिवस आधी पोचायला हवा, ऑक्सिजन लागणार असेल तर त्याहून लवकर. व्हीलचेअर वेगळी मागा; हीथ्रोला चालायला पुष्कळ असतं. हा फॉर्म माणसाला अडवण्यासाठी असतो असं लोकांना वाटतं. मी आजवर भरून दिलेल्या फॉर्मपैकी बहुतेक मंजूर झाले, आणि ज्यांचे झाले नाहीत त्यांना मी स्वतःही पाठवलं नसतं. विमा काढतानाही ऑपरेशन लपवू नका. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथल्या सरकारी रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर खर्च त्यांच्या दराच्या दीडपट लावतात, आणि लपवलेल्या आजारावर विमा पैसे देत नाही.

रक्ताच्या गुठळीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला तिची भीती हवेच्या खालोखाल वाटते. नुकतंच ऑपरेशन, त्यात कॅन्सर, त्यात दहा तास पाय लोंबकळत बसणं. पायाच्या शिरेत गुठळी होते आणि ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. ज्याचा एक भाग गेलाय अशा फुफ्फुसाला ते परवडणारं नाही. प्रवासाआधी रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन हवं का, हे सर्जनना आवर्जून विचारा. पोटरीचं माप देऊन गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे घ्या. कडेची सीट मागा, दर तासा-दीड तासानं उठून चार पावलं चाला, बसल्या जागी घोटे वरखाली करत राहा. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. आपल्याकडच्या बायका हे हमखास करतात. रत्नागिरी ते मुंबई हा प्रवासही यात धरा. गाडीत सात-आठ तास अवघडून बसण्यापेक्षा कोकण रेल्वेनं या, डब्यात फिरता येतं. दोन दिवस मुंबईत थांबा, मग उडा. एकच पोटरी सुजली, दुखली, किंवा अचानक धाप लागली, तर ती लंडनला पोचल्यावरही तातडीनं दाखवायची गोष्ट आहे.

वरच्या कप्प्यात बॅग स्वतः ठेवायची नाही. छोटी उशी जवळ असू द्या, खोकला आला की जखमेवर ती दाबून धरा. तीन गोळ्यांचं फुंकणीयंत्र (फुंकायचं नाही, आत ओढायचं, हे पुन्हा सांगते) निघेपर्यंत रोज करा आणि सोबतही न्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी वालाची उसळ, पावटे, सोडावॉटर बंद. विमान वर गेलं की पोटातला वायूही पसरतो आणि छाती-पोटामधला पडदा वर ढकलतो, श्वास आखूड होतो. लेकीसाठी डिंकाचे लाडू जरूर न्या, पण ती पिशवी दुसऱ्या कुणाला उचलू द्या.

प्रश्न : वय २३, पुणे. डाव्या फुफ्फुसाभोवती दोनदा आपोआप हवा झाली. चार महिन्यांपूर्वी दुर्बिणीनं फुफ्फुसावरचे हवेचे फुगे काढून फुफ्फुस छातीला चिकटवलं. एक्स-रे नॉर्मल आहे. मित्रांबरोबर विमानानं गोव्याला आणि तिथून तारकर्लीला स्कूबा करायला जायचं आहे. चालेल ना?

उत्तर : विमान चालेल. स्कूबा नाही, आणि पुढच्या वर्षीही नाही. विमानात हवा एक तृतीयांशानं पसरते. दहा मीटर पाण्याखाली दाब दुप्पट असतो, तिथं घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट होतो. "फार खोल नेत नाहीत" असं तुला सांगतील, पण दाबाचा सगळ्यात मोठा फरक त्या वरच्या दहा मीटरमध्येच पडतो. तुझी डावी बाजू चिकटवली आहे, उजवी नाही, आणि असे फुगे पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतात. पाण्याखाली ते फुटलं तर वर आणून नळी घालायला वेळ मिळेलच असं नाही. सिगरेट ओढत असशील तर ती आजच सोड, तिनं पुन्हा हवा होण्याचा धोका बराच वाढतो. तारकर्लीला जरूर जा. सकाळी लवकर बोटीनं निघालास तर डॉल्फिन दिसतात, आणि मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला होडीनं पंधरा-वीस मिनिटांवर आहे.